दावण, परडे आणि उतरंड

गेल्या हिवाळ्यात महाविद्यालयातील चार-पाच विद्यार्थी माझ्या घरी आले होते. माझे घर इस्लामपूरपासून पाच-सहा मैलांवर, गावाच्या कडेला, अकरा गुंठ्यांच्या तुकड्यात आहे. दारात एक गाय आणि एक कालवड. मागे परडे : शेवगा, कढीलिंब, अळू, दोडक्याचा वेल, दोन केळी, वांगी-मिरचीचे वाफे. आत स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरण्या, सांडग्यांचा डबा, कुरडया, वाळवलेली हरभऱ्याची भाजी. चहा पिता पिता त्यांतला एक मुलगा म्हणाला, "सर, तुमचं हे घर म्हणजे जुन्या स्वयंपूर्ण खेड्यातलं घर. आपल्या पूर्वजांचं जगणं असंच होतं ना?"

मुलगा आपल्याच समाजातला. शिकलेला, चळवळीत वावरणारा. त्याने ते प्रेमाने विचारले होते. तरी मला तो प्रश्न लागला. मी त्याला एवढेच म्हणालो, "बाळा, माझ्या आजोबांच्या दारात एकही जिती गाय नव्हती." तो गप्प झाला आणि विषय तिथेच राहिला. त्या दिवशी द्यायचे राहून गेलेले उत्तर आज लिहितो आहे. (सरकारने २०२५ साली इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर करण्याचे जाहीर केले. मी जन्मभर इस्लामपूर म्हणत आलो, म्हणून येथे तेच नाव लिहितो.)

१

खेड्यातील घर म्हटले की आपल्या पाठ्यपुस्तकांतून एक चित्र डोळ्यांसमोर येते. दारात गाय, मागे भाजीपाला, घरात धान्याची कणग, कोपऱ्यात मडक्यांची उतरंड. घरचे दूध, घरची भाजी, घरचे वाळवण. कुणापुढे हात पसरायला नको. या चित्राला 'स्वयंपूर्ण' असे नाव मिळाले आणि त्यावर पुष्कळ लिहून झाले. आज शहरातील सुखवस्तू माणसेही तालुक्याच्या गावाबाहेर जमीन घेऊन असे घर बांधू पाहतात.

हे चित्र खोटे आहे असे मी म्हणत नाही. ते अर्धे आहे. ही स्वयंपूर्णता कुणाच्या श्रमावर उभी होती, हे त्यात दिसत नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिले. त्यात अलुते-बलुते, त्यांची कामे आणि त्यांचे हक्क यांची बारकाईने नोंद आहे. ते पुस्तक आपल्या बाजूने लिहिलेले नाही. पण ते वाचले की एक गोष्ट स्पष्ट होते. कुणब्याच्या घराला जे लागे ते पुरवणारी माणसे ठरलेली होती, आणि त्यांना काय मिळायचे तेही ठरलेले होते.

आमच्या भागातील उदाहरण घ्या. गाय बांधायचे दावे, बैलाचा कासरा, मोटेचा नाडा वळायचा मांगाने. मेलेले ढोर ओढायचे महाराने. कातडे कमवायचे ढोराने, त्याची मोट आणि चपला शिवायच्या चांभाराने. म्हणजे गाय दावणीला बांधल्यापासून तिचे कातडे पायात येईपर्यंत प्रत्येक पायरीवर आपली माणसे होती. फक्त दावण आपली नव्हती. अण्णा भाऊ साठे याच वाळवे तालुक्यातील वाटेगावचे. १ ऑगस्ट १९२० रोजी ते मांगवाड्यात जन्मले. दोर वळणाऱ्या हातांना दोराच्या दुसऱ्या टोकाला काय बांधलेले असते ते ठाऊक असते. पण ते आपले नसते, हेही ठाऊक असते.

जिती गाय पाळायला तीन गोष्टी लागतात : खुंटा रोवायला जागा, पाजायला पाणी आणि घालायला वैरण. परडे करायचे तर जागा आणि पाणी लागते. वाळवण करायचे तर आधी गरजेपेक्षा जास्तीचे काही तरी पिकावे लागते. या सगळ्या गोष्टी जातीने वाटून दिलेल्या होत्या. गाय, परडे आणि उतरंड हा आमच्यासाठी घरगुती आवडीचा विषय नाही. ती हक्कांची यादी आहे. म्हणून त्यांचा इतिहास लिहायला हवा.

२

जितीवर हक्क नव्हता, मेलेलीवर होता. महारांचे बावन हक्क बेदरच्या बादशहाने दिले, अशी दंतकथा आमची म्हातारी माणसे मोठ्या अभिमानाने सांगत. त्या हक्कांत पडलेल्या ढोराचे मांस होते, सुगीतली पेंढी होती, शिळ्या भाकरीचा तुकडा होता. अभिमान कशाचा होता, हे आज आठवले की मन कडू होते. वतनाच्या जमिनीला हाडकी, हाडवळा असे म्हणत. त्या नावातच हाडे आहेत.

माझी आजी ढोर पडल्यावर काय करायची ते मी लहानपणी पाहिले आहे. वाटणीला आलेल्या मांसातले काही त्या दिवशी शिजे. उरलेल्याच्या ती लांब लांब पट्ट्या कापी, मीठ असेल तर लावी, नसेल तर तशाच दोरीवर उन्हात टाकी. दोरीखाली आम्हा पोरांना काठ्या देऊन बसवत. कावळे, घारी, कुत्री हाकायची. तीन-चार उन्हे खाल्ली की पट्ट्या लाकडासारख्या कडक होत. याच त्या चान्या. मग त्या मोडून गाडग्यात भरायच्या, वर फडके बांधायचे. आषाढ-श्रावणात पावसाची झड लागली, भांगलण थांबली, घरात दाणा नसला, की चान्या निखाऱ्यावर भाजून किंवा जोंधळ्याच्या कण्यांत शिजवून खायच्या.

ज्याला पुस्तकात 'अन्न टिकवण्याची कला' म्हणतात ती हीच. मांसातले पाणी काढून टाकले की ते सडत नाही. मीठ लावले की आणखी टिकते. हे शास्त्र माझ्या आजीला अचूक ठाऊक होते. कुठल्या उन्हात किती वेळ ठेवायचे, ढग आले तर चुलीच्या धुरावर कसे धरायचे, गाडग्याला ओल आली की कसे ओळखायचे, हे तिला कुणी शिकवले नव्हते. फ्रान्समध्ये निकोला अपेर नावाच्या मिठाईवाल्याने बाटलीत अन्न बंद करून उकळण्याची आपली रीत १८१० साली छापली आणि त्याला सरकारी बक्षीस मिळाले. माझ्या आजीच्या कलेला मिळाली ती शिसारी. ती शिसारी गावाने दिली आणि पुढे आम्ही शिकलेल्या मुलांनीही दिली.

दया पवारांच्या 'बलुतं'ने १९७८ साली आणि फलटणच्या बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'ने पुढच्या दशकात हे जगणे कागदावर आणले. आटपाडीचे शंकरराव खरात यांचे 'तराळ-अंतराळ' १९८१ चे. ही पुस्तके आली तेव्हा आपल्याच काही लोकांना वाटले, घरातली लक्तरे चव्हाट्यावर कशाला? मीही तेव्हा तरुण शिक्षक होतो आणि शिक्षकांच्या खोलीत कुणी ही पुस्तके काढली की मी बाहेर जाई. हे कबूल केल्याशिवाय पुढचे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

३

चान्या चांगल्या होत्या असे मी म्हणत नाही. त्या भुकेच्या होत्या, आणि भुकेहून वाईट म्हणजे त्या बंधनाच्या होत्या. मेलेल्या ढोरावरचा हक्क म्हणजे ते ओढण्याची सक्ती. रात्री-अपरात्री हाक आली की उठायचे. नाही म्हटले तर सुगीतले बलुते बंद.

बाबासाहेबांनी हे सर्वांत आधी नेमके ओळखले. १९२७ च्या मार्चमध्ये महाड येथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी आपण सगळे आठवतो. पण त्याच परिषदेत त्यांनी मेलेल्या ढोराचे मांस सोडा, शिळे तुकडे मागणे सोडा आणि शेतीकडे वळा, असेही सांगितले होते. पाणी, अन्न आणि जमीन हे तिन्ही प्रश्न एकाच मांडवात मांडले गेले. पुढच्या वर्षी, १९ मार्च १९२८ रोजी, त्यांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. महाराचे काम ठरलेले नाही, वेळ ठरलेली नाही, वेतन मात्र नावापुरते. हे वतन नव्हे, वेठ आहे, अशी त्यांची भूमिका होती. ते विधेयक तडीस गेले नाही.

येथे आमच्या भागाची एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो, कारण ती फारशी सांगितली जात नाही. वाळवे तालुक्याच्या दक्षिणेला वारणा नदी आहे. नदीपलीकडे कोल्हापूर संस्थान होते, अलीकडे इंग्रजी मुलखातील सातारा जिल्हा. शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात महार वतन रद्द करून त्या जमिनी रयताव्याने महारांच्या नावे करण्याचा हुकूम काढला. आमच्या काठावर तोच निकाल लागायला १९५९ साल उजाडले. मधे चाळीस वर्षे आणि एक नदी. उन्हाळ्यात त्या नदीत गुडघाभर पाणी असायचे. आमचे पैपाहुणे पलीकडे होते, लग्ने जमत होती, माणसे येत-जात होती. कायदा मात्र नदी ओलांडत नव्हता. हुकुमाने एका दिवसात माणसे सुखी होतात असे नाही. पण ज्यांना 'जातव्यवस्था हळूहळू आपोआप जाते' असे वाटते त्यांनी हा नदीकाठ पाहावा. ती आपोआप गेली असती तर दोन्ही काठांवर बरोबरच गेली असती.

४

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. आमच्या गावातून दोघे-तिघेच जाऊ शकले. त्यांनी येऊन सांगितले आणि १९५७ च्या उन्हाळ्यात आमच्या वाड्याने बैठक घेऊन ठरवले : यापुढे ढोर ओढायचे नाही, खायचे नाही. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. आजीने गाडगे बाहेर आणले आणि दगडावर फोडले. ते काम तिला कुणी सांगितले नव्हते. फोडून झाल्यावर ती खापऱ्यांकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "आता पावसाळ्याचं काय ते तुम्ही बघा."

हे वाक्य मी पुष्कळ वर्षे समजून घेतले नाही. मला ते तिच्या अडाणीपणाचे वाटायचे. आता कळते की त्या बैठकीत एवढा नेमका प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नव्हता. पुरुषांनी स्वाभिमानाचा निर्णय घेतला होता आणि तो बरोबरच होता. पण आषाढात चुलीवर काय ठेवायचे, हा प्रश्न बाईचा होता.

पुढे जे झाले ते त्या काळी महाराष्ट्रातील अनेक गावांत झाले. गावात एक बैल पडला. कुणी गेले नाही. तीन दिवस तो तसाच राहिला. चौथ्या दिवशी मालकाने तो आपल्याच माणसांकडून खड्ड्यात लोटला, आणि त्या सुगीत आम्हाला कुणी कामाला बोलावले नाही. दुकानात उधार बंद झाले. त्या पावसाळ्यात आम्ही तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू या रानभाज्यांवर आणि मैलोगणती दूरच्या गावी केलेल्या मजुरीवर जगलो. आजी त्या वर्षी फार वाळली. पण गाडगे पुन्हा भरले नाही.

नकाराचा इतिहास लिहिताना आपण सभा, ठराव आणि भाषणे लिहितो. ती लिहावीतच. परंतु नकाराची किंमत कुणाच्या ताटातून वसूल झाली, तेही त्याच पानावर लिहायला हवे.

५

मुंबई राज्याचा कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा १९५८ चा. तो १ फेब्रुवारी १९५९ पासून अंमलात आला. बाबासाहेब हे पाहायला नव्हते. या कायद्याने वतनी काम गेले आणि जमीन सरकारजमा झाली. मूळ वतनदाराने आकारणीच्या तिप्पट कब्जाहक्काची रक्कम मुदतीत भरली तर ती त्याला परत मिळायची, तीही नवीन अविभाज्य शर्तीवर. म्हणजे परवानगीशिवाय विकता येणार नाही, वाटता येणार नाही.

रक्कम फार मोठी नव्हती. अडचण दुसरीच होती. नोटीस कुठल्या भाषेत लागली, कुठे लागली, ती वाचली कुणी? आमच्या भाऊबंदांत दोन एकर आठ गुंठे हाडकी होती आणि वाटेकरी आठ. त्यातली निम्मी जमीन पूर्वीपासून गावातल्या एका शेतकऱ्याकडे सालाला पायली-दोन पायली धान्यावर कसायला होती. कागद आपल्या नावाचा आणि नांगर दुसऱ्याचा, ही स्थिती सगळीकडेच होती. माझ्या वडिलांना रात्रीच्या शाळेत अक्षर ओळखता यायला लागले होते. त्यांनी तलाठ्याकडे खेपा घातल्या, आठही घरांचे पैसे गोळा करून भरले. शेजारच्या गावातील आमच्या नातलगांनी मुदत चुकवली आणि त्यांची जमीन गेली. अकरा गुंठे आमचे राहिले ते एका माणसाला वाचता येत होते म्हणून.

अकरा गुंठ्यांत शेती होत नाही. उसाच्या या मुलखात तर अकरा गुंठ्यांना कुणी जमीनही म्हणत नाही. पण खुंटा रोवायला जागा झाली. वडिलांनी पहिल्या पावसाच्या आधी तिथे खोप घातली, आणि महारवाड्यातून बाहेर आलेले ते आमचे पहिले घर.

ज्यांच्याकडे वतनाचा तुकडाही नव्हता त्यांच्यासाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला. हजारो बायामाणसे तुरुंगात गेली. मागणी साधी होती : पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्याला द्या. गायरान म्हणजे गावच्या गायींचे रान. गायीला रान आहे आणि माणसाला नाही, हे त्या सत्याग्रहाने उघडे केले. पुढे नोव्हेंबर १९९१ च्या सरकारी निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-भूमिहीनांची गायरानावरील शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. २००४ साली दादासाहेबांच्याच नावाने अनुसूचित जाती-नवबौद्ध भूमिहीनांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत देण्याची योजना आली. या निर्णयांचा आणि प्रत्यक्ष ताब्याचा मेळ आपापल्या गावात किती बसला, हे प्रत्येक कार्यकर्त्याने तलाठ्याच्या दप्तरात जाऊन पाहण्यासारखे आहे.

६

जागा झाली तरी परडे लगेच झाले नाही, कारण पाणी नव्हते. अस्पृश्यतेचा कायदा १९५५ चा; पण आमच्या आईच्या घागरीत पाणी दुसऱ्याच्या हातून पडणे १९७२ पर्यंत चालू होते. जिथे पिण्याचे पाणी ओंजळीने मिळते तिथे वांग्याला कोण घालणार? महारवाड्यात झाडे का नव्हती, असा प्रश्न मला एकदा एका सहकाऱ्याने विचारला होता. आमचे लोक आळशी, असे त्याला सुचवायचे होते. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला. त्यानंतर शंभर वर्षांनीही आमच्याकडे झाड लावायचे तर आधी विहिरीचा विचार करावा लागे.

१९७२ चा दुष्काळ आला. दुष्काळी कामावर आई-वडील खडी फोडायला गेले. लाल मिलो खाल्ला, सुकडी खाल्ली. त्या दुष्काळानंतर राज्यात जागोजाग विंधन विहिरी घेतल्या गेल्या आणि एक हातपंप आमच्या वस्तीच्या तोंडाला बसला. त्याचे सांडपाणी आमच्या तुकड्याच्या कडेने वाहू लागले. आईने त्या ओघळीत अळूचे कंद लावले. मग केळ लावली, मग शेवग्याचे खोड. आमचे परडे असे सुरू झाले. दुष्काळाने आम्हाला बाग दिली, असे कुणाला वाटले तर ते खरे नाही. आपल्या हाताने उपसता येणारे पाणी मिळाले, म्हणून बाग झाली.

पहिल्या वर्षी आळूची पाने आई गावात कुणाला देऊ गेली तर त्यांनी घेतली नाहीत. दुसऱ्या वर्षी तिने ती इस्लामपूरच्या बाजारात नेली. तिथे तिला कुणी वस्ती विचारली नाही. पेंडीचे पैसे रोख मिळाले. बाजार न्यायी असतो असे नाही. पण गावापेक्षा त्याला कमी ठाऊक असते.

७

जिती गाय आमच्या दारात आली ती १९८२ साली. त्याआधी आईने अर्धलीने कालवडी वाढवल्या होत्या. दुसऱ्याची कालवड आपण सांभाळायची, व्याल्यावर किंमत करून निम्मी वाटून घ्यायची. चारा आपला, राबणे आपले. चारा आपला म्हणजे तरी काय? भांगलणीला गेल्यावर उपटलेले गवत, बांधावरचे कापलेले गवत, ऊसतोडीच्या दिवसांत वाडे. या प्रत्येक भाऱ्यामागे कुणाची तरी परवानगी होती आणि कुणाची तरी शिवी होती. बिनजमिनीच्या घरातली गाय बाईच्या डोक्यावरच्या भाऱ्यावर जगते.

एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९८० पासून देशातील सर्व गटांत लागू झाला होता. कर्ज आणि त्यात अनुदान, अशी योजना होती. आमचे प्रकरण मंजूर झाले. मध्यस्थाने दाखवली एक गाय आणि आमच्या दारात आणून बांधली दुसरी. दात झिजलेली, एका सडाने अधू. तक्रार कुणाकडे करायची तेच कळले नाही. आईने त्या गायीला दोन वेत काढले. तिसऱ्या वेताची कालवड आमची खरी गाय झाली. आज दारात आहे ती तिच्याच वंशातली.

दुधाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. या पट्ट्यात सहकारी दूधसंघ उभे राहिले नसते तर आमचे दूध विकलेच गेले नसते. घरोघरी रतीब घालणे आम्हाला शक्य नव्हते. आमच्या हातचे दूध कुणी घेतले नसते. संकलन केंद्रावर सुरुवातीला आमची किटली सगळ्यांत शेवटी ओतून घेत. पण नमुना काढून फॅट लागली की दूध त्याच कॅनमध्ये जाई. एकदा ओतल्यावर कुणाचे कुठले ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नसे. रतीब नाकारणारी घरेही पुढे पिशवीतले दूध घेऊ लागली, आणि त्या पिशवीत आम्ही होतो. जात त्यामुळे गेली का? नाही. माणसाला न स्वीकारता त्याचे उत्पादन स्वीकारण्याची सोय झाली. पण महिन्याला तीनदा रोख पगार येऊ लागला आणि माझ्या धाकट्या बहिणीची शाळा त्यावर झाली.

एक गोष्ट मात्र आपली आपल्यालाच सांगायला हवी. दुधाचे पासबुक वडिलांच्या नावाने होते. कर्ज वडिलांच्या नावाने, जमीन वडिलांच्या नावाने. पहाटे चारला उठून शेण काढणारी, धार काढणारी, भारा आणणारी आई कुठल्याच कागदावर नव्हती. वडील वाईट नव्हते. समतेची भाषणे ऐकून आलेले होते. तरी पासबुक बदलावे असे त्यांना कधी सुचले नाही, आणि मलाही सुचले नाही. आई २००३ साली गेली. वारसाचा कागद करताना तलाठ्याने तिच्या नावापुढे 'घरकाम' असे लिहिले आणि मी त्याखाली सही केली.

८

परडे आणि गाय झाली तेव्हा कुठे वाळवण आले. खाऊन उरू लागले म्हणून टिकवता येऊ लागले. आईने मटकीचे सांडगे घातले, गवारीच्या आणि वांग्याच्या काचऱ्या वाळवल्या, कैरीचे लोणचे घातले. ती दोरी, ते ऊन आणि ती काठी घेऊन बसलेली नातवंडे पाहिली की मला आजी आठवे. हात तेच होते. आईला उन्हाचा अंदाज आजीकडूनच आला होता. गाडगे फुटले, पण विद्या फुटली नाही.

२००५ नंतर आमच्या वस्तीतल्या बायकांनी बचत गट काढला. माझ्या सुनेने आणि तिच्या मैत्रिणींनी लोणची, सांडगे, शेवग्याच्या पाल्याची चटणी करून एका प्रदर्शनात मांडली. पहिल्या दिवशी बऱ्यापैकी खप झाला. दुसऱ्या दिवशी गटाच्या नावाची पाटी लावली; नाव आपल्या महामातेचे होते. त्या दिवशी लोक येत, बरणी हातात घेत, पाटी वाचत आणि बरणी खाली ठेवत. शेजारच्या टेबलावरचे तेच लोणचे संध्याकाळपर्यंत संपले. संध्याकाळी सुनेने विचारले, "मामा, उद्या पाटी काढायची का?" मी उत्तर देण्याआधी तिच्या मैत्रिणीनेच सांगितले, "पाटी राहू दे. लोणचं टिकतं की वर्षभर." त्या वर्षी विकायला दहा महिने लागले. पाटी आजही आहे.

शाळेत पोषण आहार शिजवणारी बाई दलित आहे म्हणून मुलांना जेवू न दिल्याच्या बातम्या देशात अजून येतात. दूध कॅनमध्ये मिसळते; लोणच्याच्या बरणीवर मात्र हाताचे नाव लागते. कच्चा माल आपला चालतो, शिजवलेले चालत नाही. जातीची सीमा आज नेमकी कुठे उभी आहे ते यावरून कळते.

आणि जिथे आपण मेलेली गाय सोडली तिथेही सगळे संपले नाही. महाराष्ट्रात गोवधबंदीचा कायदा १९७६ चा. २०१५ साली तो बैल-वळूंनाही लागू झाला. भाकड जनावर विकता येईना तेव्हा लहान शेतकऱ्याच्या आणि आमच्यासारख्यांच्या दारातला हिशेब बिघडला. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना उघडे करून मारले. एकेकाळी ढोर ओढले नाही म्हणून मार होता. आता ओढले म्हणून मार. त्यानंतर तिथल्या आपल्या बांधवांनी मेलेली जनावरे सरकारी कचेरीपुढे टाकली. १९५७ च्या आमच्या बैठकीचीच ती पुढची ओळ होती.

९

आपल्या दुःखाची जात जगात एकटी नाही. जोतीरावांनी 'गुलामगिरी' १८७३ साली अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्या देशात १८६२ च्या कायद्याने वसाहतवाल्या कुटुंबाला १६० एकर जमीन मिळू शकत होती. ती जमीन मूळच्या रहिवाशांची होती, हा त्यातला दुसरा अन्याय. १८६५ च्या जानेवारीत एका सेनापतीच्या हुकुमाने मुक्त झालेल्या काळ्या कुटुंबांना चाळीस एकरांचे तुकडे द्यायचे ठरले. त्याच वर्षी नव्या अध्यक्षाने ते परत घ्यायला लावले. पुढे टस्कीगीच्या शाळेतून जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्या पुढाकाराने १९०६ साली एक गाडी गावोगाव फिरू लागली. काळ्या शेतकऱ्यांना परसबाग, जनावरांची निगा आणि अन्न टिकवणे शिकवणारी ती फिरती शाळा होती. गुलामीतून सुटलेल्या माणसाला भाजीचा वाफा आणि बरणी ही स्वातंत्र्याची साधने वाटली, हे आपल्याला समजायला अवघड नाही.

पण कार्व्हरांची शाळा आणि चाळीस एकरांचा मोडलेला शब्द एकत्र वाचायला हवा. जमीन न देता बरणी भरायला शिकवणे हा अर्धा कार्यक्रम आहे. आपल्याकडेही आज बचत गट, परसबाग, सेंद्रिय भाजी यांचे उपदेश पुष्कळ मिळतात. ते घ्यावेत. मात्र उपदेश करणाऱ्याला विचारावे : खुंटा कुठे रोवू? पाणी कुणाचे? पासबुक कुणाच्या नावाने?

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. नाही बाळा, आपल्या पूर्वजांचे जगणे असे नव्हते. हे घर जुन्या खेड्यातून आलेले नाही. ते जुन्या खेड्याविरुद्ध एकेक वस्तू मिळवत उभे राहिले : १९५७ चा नकार, १९५९ चे अकरा गुंठे, १९७२ नंतरचे पाणी, १९८२ ची गाय. आणि यातली प्रत्येक वस्तू घरात आल्यावर ती चालवली बायकांनी.

तुम्ही विद्यार्थी आहात, शिक्षक आहात, कार्यकर्ते आहात. आपल्या वस्तीत सत्तरी ओलांडलेल्या ज्या बाया आहेत त्यांच्याकडे वही घेऊन बसा. त्यांना तीन गोष्टी विचारा : पावसाळ्यासाठी काय साठवायचा, कशात साठवायचा, आणि ते सोडले तेव्हा काय खाल्ले. बरोबर जुना सात-बारा असेल तर तो पाहा. माझ्या आजीला हे मी विचारले नाही. ती १९७९ साली गेली तेव्हा मला तिची लाज वाटत होती. जे मला आठवते तेवढेच येथे लिहिले आहे. उरलेले तिच्याबरोबर गेले.

या उन्हाळ्यात गायीचे नाव पशुवैद्यकीय दाखल्यावर आणि दुधाचे पासबुक सुनेच्या नावावर केले. सात-बाऱ्यावर तिचे नाव लावायचा अर्ज दिला आहे. तलाठी म्हणतो, शर्तीची जमीन आहे, वेळ लागेल. खेपा घालायची आमच्या घराला सवय आहे.